घरी विमान बांधावयाचे तर सामानाची यादी कशी करावी?



गेल्या मे महिन्याच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी भिवंडीस आला होता. तो सध्या अमेरिकेत अभियंता म्हणून नोकरी करितो. एके दिवशी सायंकाळी तो आपल्या वडिलांस घेऊन मजकडे आला आणि टेबलावर छापील कागदांची एक चळत ठेवून म्हणाला, "सर, मी घरी विमान बांधणार आहे. सामानाची मागणी पुढील आठवड्यात पाठवावयाची आहे. ही यादी एकदा आपल्या नजरेखालून जावी, अशी इच्छा आहे."

मी विमानविद्येतील तज्ज्ञ नव्हे. पदार्थविज्ञान व गणित शिकविणारा शिक्षक आहे. तथापि यादी पाहता पाहता माझ्या ध्यानी आले की, नववीच्या वर्गात आपण वजन, घनता व तरफ यांची जी उदाहरणे सोडवितो, तीच येथे एका माणसाच्या जीविताशी निगडित झाली आहेत. त्याचे वडील शेजारी मुकाट्याने बसले होते. आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर म्हणून काम केलेले हे गृहस्थ. या विमानातून पहिली सफर आपल्या वडिलांस घडवावी, हा मुलाचा मानस होता. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी जो हिशोब केला, तो आपणांपुढे पाठाच्या रूपाने मांडीत आहे.

किट म्हणजे काय?

कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या विमानाखेरीज, सुटे भाग मागवून स्वतः जोडावयाचीही विमाने असतात. या सुट्या भागांच्या संचास किट म्हणतात. अमेरिकेत असा नियम आहे की, अशा विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वशिक्षणार्थ अथवा मनोरंजनार्थ स्वतः केलेला असला पाहिजे. ओरेगन प्रांतातील व्हॅन्स एअरक्राफ्ट ही संस्था रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७० नंतरच्या दशकात काढली. तिच्या किटांपासून बांधलेली दहा हजारांहून अधिक विमाने आजवर आकाशात गेली आहेत.

किट बहुधा टप्प्याटप्प्याने मागविता येते. प्रथम शेपटीचा भाग, नंतर पंख, नंतर मधले धड, आणि शेवटी आसने, काच, चाके इत्यादी. इंजिन, पंखा व उपकरणे निराळी घ्यावी लागतात. शेपटी आधी देण्यात मोठे शहाणपण आहे. ती लहान असते, स्वस्त असते, आणि पत्र्यास भोके पाडणे, रिबिटे ठोकणे इत्यादी सर्व कसब तिजवर शिकता येते. पत्रा बिघडला तर थोडक्यात निभावते. हे काम आपल्या हातून होणारे नाही असे ज्यास कळून येते, त्याची सर्व पुंजी बुडत नाही. पाटीवर अक्षर वळविल्यावाचून मुलाच्या हाती कोणी शाईची दौत देत नाही, तसेच हे.

वजनाचा हिशोब

आमच्या विद्यार्थ्याच्या यादीत मूळ किटाखेरीज आठ वाढीव वस्तू होत्या. प्रत्येकीपुढे किंमत लिहिली होती. वजन एकीपुढेही नव्हते. मी त्यास सांगितले, "किमतीचा रकाना तूर्त झाकून ठेव. आधी किलोग्रॅमचा रकाना काढू."

सोयीसाठी दोन आसनांचे एक लहान विमान घेऊ. सर्व भारासह त्याचे वजन ६०० किलोग्रॅमपेक्षा अधिक होता कामा नये, असे रचनाकाराने ठरविले आहे असे धरू. रिकाम्या विमानाचे वजन ३४० किलोग्रॅम. दोन माणसे प्रत्येकी ७५ किलोग्रॅमची, म्हणजे १५०. सामान १५. पेट्रोलची टाकी ९० लिटरची. पेट्रोलचे एका लिटरचे वजन सुमारे ०.७२ किलोग्रॅम असल्याने पेट्रोल सुमारे ६५ किलोग्रॅम. एकूण बेरीज ५७०. मर्यादेखाली ३० किलोग्रॅम शिल्लक राहिले.

आता वाढीव वस्तू पाहा. वजने आम्ही अंदाजाने धरली होती. उपकरणांचा दुसरा पडदा ३, विमान आपोआप सरळ ठेवणारे यंत्र ४, गुबगुबीत आसने व आतील अस्तर ९, चकचकीत रंगाचे जादा थर ७, पात्यांचा कोन बदलता येणारा पंखा साध्या पंख्याहून ८ अधिक, चाकांवरील टोपणे ५, मोठी बॅटरी ४, आणि संकटकाळी संपूर्ण विमानास खाली उतरविणारी हवाई छत्री १४. बेरीज ५४ किलोग्रॅम. ५७० मध्ये ५४ मिळविले म्हणजे ६२४ झाले. मर्यादा ओलांडून २४ किलोग्रॅम वर गेले!

हे २४ किलोग्रॅम कोठून तरी कमी केलेच पाहिजेत. पेट्रोल कमी करावे म्हटले तर सुमारे ३३ लिटर काढावे लागेल. इंजिन तासाला २० लिटर पेट्रोल खात असेल, तर ९० लिटरांवर साडेचार तास उडता येते. उरलेल्या ५७ लिटरांवर तीन तासही नाही. शिवाय विमानात पेट्रोल अगदी तळाशी जाईपर्यंत उडणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण. अर्ध्या-पाऊण तासाचे पेट्रोल नेहमी राखूनच ठेवावे लागते.

ही बेरीज पुरी झाल्यावर वडील प्रथमच बोलले. ते मुलास म्हणाले, "अरे, या यादीत तुझ्या गाद्या बसल्या, रंग बसला, पण मी कोठे बसलो?" मुलगा क्षणभर गप्प झाला. त्या एका प्रश्नात या पाठाचे सार आहे. मोटारीत एखादी वस्तू वाढविली तर पैसे जातात. विमानात वस्तू वाढविली तर पैशांबरोबर पेट्रोल जाते, अथवा शेजारचा माणूस उतरावा लागतो.

तोलाचा हिशोब

बेरीज मर्यादेत बसली म्हणजे काम संपले असे नाही. वजन किती, याच्या जोडीने ते कोठे आहे, हेही पाहिले पाहिजे. तरफेच्या पाठात आपण शिकलो आहोत की, वजन गुणिले अंतर म्हणजे त्या वजनाचा घूर्ण. जत्रेतील तागडीवर हलका मुलगा टोकाशी बसला तर मध्याजवळ बसलेल्या जड मुलास उचलतो, हे त्याचेच उदाहरण.

विमानाचा गुरुत्वमध्य पुढे-मागे किती सरकू द्यावयाचा, याची सीमा रचनाकार आखून देतो. लहान विमानात ही सीमा पुष्कळदा जेमतेम वीतभर असते. गुरुत्वमध्य फार पुढे गेला तर उतरताना नाक वर उचलण्यास शेपटीचे बळ अपुरे पडते. तो फार मागे गेला तर त्याहून वाईट. विमान चंचल होते, आणि वेग मंदावून पंखांवरील उचल तुटली की ते पुन्हा सावरणे कठीण जाते.

वरील यादीतील ८ किलोग्रॅमचा जादा पंखा गुरुत्वमध्यापासून २ मीटर पुढे आहे असे धरा. त्याचा घूर्ण १६. बॅटरीचे जादा ४ किलोग्रॅम दीड मीटर मागे. त्याचा घूर्ण ६. वजाबाकी केल्यावर पुढील बाजूस १० उरतात. ६०० किलोग्रॅमच्या विमानात यामुळे गुरुत्वमध्य सुमारे १.७ सेंटिमीटर पुढे सरकेल. वीतभर जागेतील एका बोटाची जागा या दोनच वस्तूंनी खाल्ली! म्हणून जाणते बांधणारे बॅटरीची जागा शेवटपर्यंत मोकळी ठेवितात, आणि विमान पुरे झाल्यावर प्रत्येक चाकाखाली काटा ठेवून खरोखर तोलून पाहतात.

आज काय, उद्या काय?

मग वाढीव वस्तू मुळीच घेऊ नयेत काय? तसेही नाही. वडिलांनी आपल्या धंद्यातील एक गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मास्तर, नवा माग बसविताना आम्ही आधी पाया पाहतो. माग पातळीत बसला पाहिजे. नक्षीसाठी डॉबी मागाहूनही चढविता येते. पण पाया वाकडा राहिला तर धोटा जन्मभर उडत राहतो."

हाच नियम विमानास लावावा. जे पुढे पत्र्याआड बंद होणार, ते आजच ठरवून उत्तम प्रतीचे घ्यावे. पत्रा गंजू नये म्हणून आतून द्यावयाचा लेप, पंखांतून पुढे तारा नेण्यासाठी ठेवावयाच्या नळ्या, पेट्रोलच्या नळ्या व त्यांचे जोड, हवाई छत्री घ्यावयाची असल्यास तिचे पट्टे धडास जेथे बांधावयाचे ती जागा, ही सर्व या वर्गात येतात. ही कामे मागाहून करावयाची म्हणजे बांधलेले घर पाडून पुन्हा बांधणे होय. आपल्या कोकणपट्टीसारख्या दमट हवेत राहणाऱ्याने तर गंजरोधक लेपात काटकसर करूच नये.

याउलट समोरच्या फळीवर स्क्रूने बसणारी उपकरणे शेवटी घ्यावीत. विमान बांधण्यास हौशी माणसास तीन-चार वर्षे सहज लागतात, कित्येकांस याहूनही अधिक. आज मागविलेला पडदा तोवर खोक्यात पडून जुना होतो, त्याची हमीची मुदत संपते, आणि त्याच किमतीत अधिक चांगला बाजारात येतो.

तिसरा वर्ग वजनाने हलक्या परंतु जीव राखणाऱ्या वस्तूंचा. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. त्याची सूचना देणारे यंत्र मूठभर असते. खांद्यांवरून येणारे चारपदरी पट्टे, पेट्रोल किती जळते ते सांगणारे मापक, आणि पंखांवरील उचल तुटण्यापूर्वी इशारा देणारे साधन, यांवर वजनाचा व पैशाचा खर्च आनंदाने करावा.

बोल्ट, नट व पत्रा यांविषयी तर निवडीचा प्रश्नच नाही. विमानासाठी प्रमाणित केलेले, ज्यांच्या धातूची जात व ताकद ठरलेली असते, तेच वापरावेत. दिसण्यात बाजारातील बोल्ट तसाच असेल. पण ताण पडल्यावर कोण टिकेल, हे डोळ्यांस दिसत नाही.

इंजिनाची निवड

१९०२ सालाच्या अखेरीस राइट बंधूंनी प्रथम निरनिराळ्या कारखानदारांस पत्रे लिहून हलक्या इंजिनाची चौकशी केली. त्यांना हवे तसे इंजिन कोणी देईना. अखेर त्यांच्या सायकलीच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत ते घडविले. त्याची शक्ती सुमारे १२ अश्वशक्ती होती, व तेवढीच त्यांस पुरेशी झाली. कारण किती शक्ती लागेल याचा हिशोब त्यांनी आधी केला होता.

आज हलक्या विमानांत रोटॅक्स ९१२ जातीचे ८० किंवा १०० अश्वशक्तीचे इंजिन पुष्कळ ठिकाणी दिसते; त्याहून जड विमानांत लायकमिंगची १५० ते १८० अश्वशक्तीची इंजिने घालतात. या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असून ठिणगीची व्यवस्था दुहेरी असते. एक बंद पडली तरी दुसरी चालते. मोटारीचे इंजिन रूपांतरित करून बसविणारेही आहेत. ते प्रथमदर्शनी स्वस्त पडते. परंतु थंड ठेवण्याची सोय, पंख्याचा वेग कमी करणारी दंतचक्रे आणि चाचणी हा सर्व भार बांधणाऱ्याच्या शिरावर येतो. रचनाकाराने सांगितलेल्याहून मोठे इंजिन घालण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. ते नाकाशी जड होते, पेट्रोल अधिक खाते, आणि ज्या वेगासाठी पंख बांधलेले नाहीत त्या वेगाकडे विमानास ओढते.

नकाशात हात घालण्याचे परिणाम

१९३४ साली फ्रान्समध्ये आंरी मिन्ये या गृहस्थाने एका लहानशा विमानाच्या बांधणीचे पुस्तक प्रसिद्ध केले. फ्रेंच भाषेत त्या विमानास आकाशातील ऊ असे गमतीचे नाव होते. शेकडो लोकांनी ते घरी बांधावयास घेतले. पुढे लागोपाठ प्राणघातक अपघात झाले. मोठ्या वातबोगद्यात तपासणी केल्यावर असे आढळले की, नाक एका मर्यादेपेक्षा खाली गेले की दोन पंखांमधील हवेच्या प्रवाहामुळे ते पुन्हा वर येऊ शकत नाही. रचना साधी व स्वस्त असली तरी पुरेशी तपासलेली नव्हती. यावरून ज्याची पुष्कळ विमाने पुष्कळ वर्षे उडाली आहेत असेच किट नवशिक्याने निवडावे, हा बोध घ्यावा.

दुसरे उदाहरण अधिक हृदयद्रावक आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी विख्यात अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत समुद्रात विमान कोसळून मरण पावले. ते लाँग-ईझी जातीचे घरी बांधलेले विमान होते. रचनाकाराच्या नकाशात पेट्रोलची टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती हलवून डाव्या खांद्याच्या मागे बसविली. ती फिरविण्यास वैमानिकास मान व धड वळवून हात मागे न्यावा लागे. एका टाकीतील पेट्रोल संपत आले असता ती कळ फिरविण्याच्या खटपटीत विमानावरील ताबा सुटला, असा निष्कर्ष सरकारी तपासाने काढला. लक्षात घ्या, ज्याने ती कळ हलविली तो त्या दिवशी विमानात नव्हता. डेन्व्हर यांनी ते विमान नुकतेच विकत घेतले होते. आपण केलेल्या फेरफाराची किंमत कधी कधी भलताच मनुष्य देतो.

पैसे व धीर

व्हॅन्स संस्थेचा उल्लेख वर आलाच आहे. महामारीच्या काळात तिजकडे मागणी अतिशय वाढली. काम उरकण्यासाठी काही भागांतील भोके लेसर किरणांनी पाडण्यात आली. पुढे त्या भोकांच्या कडांशी बारीक तडे जाऊ लागले. असंख्य भाग बदलून देण्याचा प्रसंग आला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये संस्थेस न्यायालयाकडे दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागावे लागले. ज्यांनी आगाऊ रक्कम भरली होती, त्यांस वाढीव दर मान्य करूनच आपला माल मिळविता आला. संस्था पुढील वर्षी त्या संकटातून बाहेर पडली. पण धडा राहिला. नावाजलेल्या घराशीही व्यवहार करताना सर्व रक्कम एकदम गुंतवू नये. एक टप्पा पुरा होत आला म्हणजे दुसऱ्याची मागणी पाठवावी. खोके येताच उघडून प्रत्येक वस्तू यादीशी ताडून पाहावी, आणि कमी अथवा सदोष निघालेल्या वस्तूविषयी त्याच आठवड्यात लिहावे.

आपल्या प्रांतातील एक उदाहरण

मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी किट न मागविता, एकेक भाग स्वतः निवडून व घडवून सहा आसनांचे विमान बांधले, आणि तेही कांदिवलीजवळील चारकोप येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर! फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात मांडले गेले. तेव्हा भाग सुटे करून ते गच्चीवरून खाली उतरवावे लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली, आणि उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली. पुढे २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. प्रदर्शनापासून परवानगीपर्यंत साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विमानाच्या सामानात धातूबरोबर कागदही असतो. म्हणून आपल्या देशात ज्यास असे काही करावयाचे असेल त्याने पहिला रुपया खर्च करण्यापूर्वी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे नियम वाचावेत, आणि विमान बांधून झाल्यावर ते जागेबाहेर कसे काढावयाचे हेही आधीच मोजावे.

उपसंहार

त्या रात्री आमच्या विद्यार्थ्याने यादीवर तांबड्या शाईने रेघा ओढल्या. गुबगुबीत आसने, चकचकीत रंग, दुसरा पडदा, चाकांची टोपणे, मोठी बॅटरी व महागडा पंखा गेला. आपोआप चालविणारे यंत्र "मागाहून" या शीर्षकाखाली गेले. त्याच्या तारांसाठी नळी मात्र आजच्या यादीत आली. हवाई छत्री राहिली. नवी बेरीज ५८४ झाली. मर्यादेखाली १६ किलोग्रॅम उरले.

उठताना वडिलांनी कागद हातात घेतला. त्यांस इंग्रजी वाचता येत नाही, पण बेरजेचा आकडा त्यांनी बोटाने शोधून काढला, व हसून म्हणाले, "आता माझी जागा झाली."

मुलाने परवा पत्राने कळविले की, शेपटीचे खोके येऊन पोहोचले. यादीशी ताडून पाहता दोन पट्ट्या कमी भरल्या, त्यांविषयी त्याने लगेच लिहिले. आणि पहिल्या सरावात एक पत्रा वाया गेला. मला हे वाचून समाधान वाटले. शेपटी त्यासाठीच तर आधी मागवावयाची असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वरील विमानात दोन माणसांऐवजी ७५ व ९० किलोग्रॅम वजनाची दोन माणसे बसली आणि यादी अखेरची, म्हणजे ५८४ किलोग्रॅमची, धरली, तर मर्यादेखाली किती वजन उरेल?

२. ९० लिटरांपैकी ४५ मिनिटांचे पेट्रोल राखून ठेवावयाचे आहे. इंजिन तासाला २० लिटर पेट्रोल खाते. प्रवासास किती तास मिळतील?

३. आपल्या घरी अलीकडे विकत घेतलेली एखादी वस्तू घ्या. तिच्यातील कोणती सोय मागाहून घेता आली असती, आणि कोणती आरंभीच घेणे आवश्यक होते, हे वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळींत लिहा.